खूणगाठ

माग्डेबुर्ग. पहाटेचे साडेचार.
उंदराच्या मेंदूचा एक काप,
कांद्याच्या पापुद्र्याहून थोडा जाड,
कोमट खारट पाण्यात अजून जिवंत.
उंदीर संपल्याचं त्याला
कुणी कळवलेलं नाही.

रोस्वीथा कुंत्झे स्टुलावर बसून
पडद्यावरची रेघ बघते.
एकतीस वर्षं हीच रेघ.
बाराला तिने एका वाटेवर
हलक्या टिचक्या मारल्या,
दार वाजवून पळणाऱ्या पोरासारख्या.
रेघ चढली.
अशी रेघ तीन तासांत बसते,
आच काढलेल्या दुधासारखी.

पाऊण वाजता दुसरी वाट.
पेशी त्याच, फांदी शेजारची,
आणि मारा जोराचा:
शंभर, पुन्हा शंभर, पुन्हा शंभर.
आत कुठेतरी भट्टी पेटली,
प्रथिनं निघाली,
पत्ता न लिहिलेली पार्सलं,
ज्या सायनॅप्सवर खूण दिसेल
तिथे उतरायला.

हलक्या वाटेनेही खूणगाठ बांधून ठेवली होती.
माल तिच्यासाठी नव्हता.
तिने घेतला.

साडेचार वाजलेत आणि रेघ वरच आहे.

रोस्वीथा वहीत आकडा लिहिते
आणि पेन तसंच धरून राहते.

बेकरीतल्या बाईच्या कोटाचं हिरवं बटण.
अर्धं तुटलेलं,
काळ्या दोऱ्याने शिवलेलं.
बाई पाव मोजत होती, सहा की सात,
आणि ती नऊ वर्षांची,
नाक काउंटरला टेकवून
उगाच त्या बटणाकडे बघत होती.
इतकंच. संध्याकाळपर्यंत
विसरून जावं असं.

चाळीस मिनिटांनी
नदीकडून कुणीतरी धावत आलं.
एल्बेवरचा बर्फ
डेटलेफला पेलला नव्हता.

भावाचा आवाज आता आठवत नाही.
आठवायला बसलं की
कुठल्यातरी रेडिओवरचा मुलगा बोलतो.
चेहरा फोटोतला आहे, तिचा नाही.
बटण मात्र आहे.
त्याच्या कडेचा खरखरीतपणासुद्धा,
हात लावला नव्हता तरी.

सहाला दिवसपाळीचा योआखिम येतो,
बूट झटकतो, विचारतो, काय म्हणतोय काप?
धरून बसलाय, ती म्हणते.

मग पंप बंद. बुडबुडे थांबतात.
चिमट्याने काप उचलून
ती पिवळ्या डब्यात टाकते.
त्याच्यापाशी ना नदी होती, ना बटण,
नुसत्या टिचक्या,
कुणी मारल्या, कशासाठी,
काही माहीत नसलेल्या.

काच धुताना
ती पाणी जरा जास्तच वेळ
वाहू देते.