डेडस्टॉक

परीक्षानळ्या, नग चोवीस. शाबूत अकरा.
स्पिरिटचा दिवा एक, वात नाही.
निळा लिटमस, पुडकी दोन,
त्यांची मुदत संपली तेव्हा
आताची नववीतली पोरं जन्मलीही नव्हती.
रजिस्टर मीच लिहिते.
मी परिचर. अनुकंपा तत्त्वावर लागले.
स्वतः नववी नापास, तेही विज्ञानात.

रबाळ्याच्या आमच्या शाळेत प्रयोगशाळेचं कुलूप
वर्षातून दोनदा निघायचं,
तपासणीला आणि दहावीच्या प्रात्यक्षिकाला.
निरीक्षण गाइडातून, अनुमान गाइडातून,
आकृती मागच्या वर्षीच्या कुणा पोरीची.
मी धुवायचे ज्या नळ्या कुणी वापरल्याच नाहीत.

मग तांडेल बाई आल्या, घणसोली गावठाणातून,
स्कूटीच्या डिकीत लिंबं, सोडा, हळदीची पुडी.
म्हणाल्या, किल्ली द्या, परत मागू नका.
मुख्याध्यापक म्हणाले, काही फुटलं तर?
फुटू दे की.
फुटल्याचा रकाना आहे ना रजिस्टरात?
होता.
वीस वर्षं मी तो कोरा ठेवला होता.

हळद कालवली, कागद बुडवले,
खिडकीच्या गजांवर वाळत घातले,
लग्नघर वाटायला लागली खोली.
साबणाचं पाणी लागलं की लाल.
हे तर मी जन्मभर बघतेय,
पातळावरचा हळदीचा डाग, वर साबण, लालभडक.
पण कपडे धुण्याला मार्क नसतात.

शिवकन्या ढोबळे, नववी ब.
कंपन्यांच्या मागच्या नाल्याचं पाणी आणलं बाटलीतून,
त्या दिवशी ते जांभळं होतं.
कागद लाल. वर्ग ओरडला.
तिने एक कागद वहीत दडवून घरी नेला.
बाप रंगाच्या कंपनीत, कंत्राटी,
हातमोजे महिन्याला एक जोड.
जेवायला बसला तशी तिने त्याच्या तळव्यावर
ओला कागद दाबून धरला.
लाल.
रात्रभर झोपली नाही म्हणे.

सकाळी बाईंनी एवढंच विचारलं,
हात साबणाने धुतले होते का गं त्यांनी?

मला बाईंचा राग आला.
पोरगी रडायच्या बेतात
आणि हिला साबणाचं पडलंय.
शिवकन्या मात्र उभी राहिली तशीच,
नखाने बाकाचा टवका काढत,
मग म्हणाली, बाई, अजून कागद द्या.

सात दिवस.
साबणाशिवाय, साबणाने, साबण खळखळून काढून,
रविवारी सुटीचा हात वेगळा.
तक्ता तिने स्वतः आखला, तिरकाच.
साबणाच्या रकान्यात सगळे लाल.
बाकीच्यांत पिवळे,
फक्त दोनदा कडेला जरा तांबूस,
«की मला तसं वाटलं», हेही लिहिलेलं.
अनुमान: सांगता येत नाही. आणखी कागद लागतील.

तपासणीच्या साहेबांनी त्याला लाल शाईने गोल केला.
अनुमान अपूर्ण आहे, म्हणाले.
बाई गप्प.
शिवकन्या म्हणाली,
हो साहेब, अपूर्णच आहे.

परवा तिचा बाप आला होता,
दारात चप्पल काढून, हात पाठीमागे.
कपाटाकडे बघत होता,
देवळात पहिल्यांदा आलेला माणूस बघतो तसा.
म्हणाला, आमच्या खात्यातले तिघं विचारतात,
आमचेही हात बघेल का पोरगी?
बाईंनी त्याला स्टूल दिलं.
तो बसला नाही.

आज महिनाअखेर. रजिस्टर उघडलं.
हळदीचे कागद. आवक, शासनाकडून: निरंक.
खर्च, एकशे बारा.
शिल्लक
वाळत आहेत.