राखण

वाकळपाड्याच्या माळावर मंगळवारी सकाळी
मी मोरघार मोजली.
चोचीपासून शेपटीपर्यंत अडुसष्ट सेंटिमीटर,
वजन पावणेदोन किलो, भाजीवालीच्या काट्यावर,
कारण खात्याचा काटा मुरबाडला, दुरुस्तीत.
नखं मिटलेली. मुठीत
गावठी पिल्लाचा पाय, पायाला सुतळी,
सुतळीला अजून थिमेटचा वास.

नग: एक.
मृत्यूचं कारण: अहवाल आल्यावर.

पंच म्हणून सरपंचाचा भाचा आणि एक दूधवाला.
तिसरा जैतू मेंगाळ, आपणहून आलेला,
पंच नव्हे, आरोपी.
"पाच पिल्लं बांधली मी," म्हणाला,
"चार सकाळी सोडवून पुरली, कुत्री खातील म्हणून."

का, मी विचारलं.
राखण आहे माझ्याकडं, तो म्हणाला,
महिना नऊ हजार.

घोडबंदरच्या शेटनं कुंपण घातलं त्या साली
माळ गेला, राखण आली.
काम काय, तर तित्तर वाढवायचे.
माघात गवत जाळायचं, सगळं नाही, पट्ट्यापट्ट्यानं,
एक पट्टा काळा, एक पिवळा.
काळ्यात कोवळा फुटवा येतो, किडे येतात,
पिवळ्यात तित्तर लपतात
आणि शनिवारी पाहुणे येतात.
हाकारा घालायला पाड्यावरची पोरं, दीडशे रुपये.
मुंगूस दिसला मार, शिक्रा दिसला मार,
मोरघारीवर गोळी वाया घालवायची नाही.

राब कसा भाजावा हे सांगावं
तसा सांगत होता,
काडी वाऱ्याच्या कुठल्या अंगानं लावायची.
मला ती रीत ठाऊक आहे.
आम्हीही जाळतो, जाळरेषा,
सहा मीटर रुंद, नोंदवहीत सही करून.
गेल्या साली निधी उशिरा आला, फाल्गुनात काडी लागली,
टिटवीची चार अंडी माझ्या रेषेत उकडून निघाली.
ती मी नोंदवली नाही.

कलमं मला पाठ आहेत.
शेट कुठल्या कलमात बसतो, तेही.
पण शेट शनिवारी येतो
आणि पंचनामा मंगळवारचा.
बंगल्यात भिंतीवर नुसता खिळा,
खिळ्याखाली बंदुकीएवढा उजळ रंग.
फोटो काढला. खिळ्याचा.

"मग तित्तर वाढले का?"
जैतू बराच वेळ गप्प.
"पहिल्या साली लई. मग उंदीर झाले, बाई,
अंडी फोडतात. उंदराला कोण होतं?
हीच."

त्याच्या बापाकडं फास होते, घोड्याच्या शेपटीच्या केसांचे.
बाप म्हणायचा, फाशातला पहिला तित्तर
घारीनं नेला तर ओरडू नये.
जैतूनं हे अभिमानानं सांगितलं नाही.
त्याच फाशापायी बाप चार महिने ठाण्याच्या जेलात होता,
तेही त्याच दमात सांगितलं.

सही नाही, अंगठा.
शाई पुसायला त्यानं वाकून
काळ्या पट्ट्यातली चिमूट उचलली, बोटावर चोळली,
आणि इतकी वर्षं वनरक्षक म्हणून सही करताना
जे दिसलं नव्हतं ते दिसलं:
राखण लिहायला घेतलं
की आधी राख लिहावी लागते.

जीपमध्ये चढताना त्यानं मान वर केली.
ओढ्याकाठच्या सादड्यावर काटक्यांचा ढीग,
त्यात एक पांढरं डोकं,
ओरडतंय, तोंड वासून.
"नर आहे अजून," जैतू म्हणाला,
"पण लांब जातो.
माझी चार मी पुरली.
शेटनं आणिक कुणाला सांगितलं असलं
तर मला ठाऊक नाही."

निघायचं का, ड्रायव्हरनं विचारलं.
थांब जरा, म्हटलं.
मागं पोत्यात मोरघार, लाखेचं सील,
मांडीवर वही, शेजारी आरोपी.
आम्ही तिघं काचेतून वर बघत बसलो,
ऊन बॉनेटवरून सरकत आत आलं,
ड्रायव्हरचा डबा कधी उघडला आणि कधी संपला,
डोकं ओरडतच होतं.
नर काही दिसेना.