पहिलं राज्य

जहराच्या कॅम्पात नळ गोठला.
आम्ही त्याला आधी शिव्या दिल्या,
मग किटलीतलं उरलेलं गरम पाणी पाजलं.
तो तीनदा खोकला आणि गप्प.
गेटवरचा म्हातारा बू फलाह
मेंढीच्या कातड्याचा फरवा पांघरून आला, म्हणाला,
ही अझीरक. निळी. आठ दिवस राहते.
पाहुणी आल्यासारखं सांगितलं त्यानं.
म्हणजे आठ दिवस तिचं करावंच लागणार.

माझ्या लांज्यात थंडी म्हणजे
डिसेंबरात दोन रात्री पंखा एकवर.
इथं वाळवंट रात्रभर उघडं,
वर ढगाची एक गोधडी नाही,
आणि इराककडून येणारा शमाल
ओळख ना पाळख, थेट बनियनपर्यंत.

बस साडेचारची.
म्हणजे साडेचार ते सव्वापाच यांच्यामधली कधीही.
पत्र्याच्या शेडखाली चौतीस माणसं,
डबे काखेत, हात खिशात, माना खांद्यांत,
कासवांची पंगत बसावी तशी.
बोललं की तोंडातली ऊब जाते
म्हणून कुणी बोलत नव्हतं.

आधी हलला दाऊद परकार.
खेडचा. अठ्ठावन्न वर्षांचा. परांची बांधतो.
बुटाच्या टाचेनं त्यानं वाळूत रेघ ओढली,
रेघेची चौकट झाली,
डबा माझ्या हातात दिला
आणि एक पाय वर उचलला.
म्हाताऱ्याचं डोकं सटकलं, मी पुटपुटलो.
सटकला नाय रे, गोठलाय, तो म्हणाला, ये.

मी गेलो नाही. बाकीचे गेले.
नियम सांगायला भाषा लागली नाही,
एका पायावरचा माणूस अंगावर येतोय
हे बांगलात, नेपाळीत, अरबीत सारखंच कळतं.
शफिउल पळाला.
टेकबहादूर, जो रोज ऐकवायचा
की आमच्या मुस्तांगात याला उन्हाळा म्हणतात,
तोही पळाला, कानटोपी घट्ट धरून.
लोखंडी टोकाचे बूट, दोन पँटी, वर बॉयलर सूट,
एवढ्या ऐवजासकट लंगडी घालणं
म्हणजे कपाटानं नाचणं.

कपाटं नाचली.
सातव्या उडीला नाक परत आलं.
अकराव्या उडीला बोटं.
मग शफिउल आडवा झाला, आणि हसताना
त्याच्या तोंडातून एवढी वाफ निघाली
की कुणीतरी ओरडलं, इंजिन तापलं, सोडा गाडी!

तीन दिवस मी डबे सांभाळले.
डबे सांभाळणाऱ्याला सगळ्यांत जास्त थंडी वाजते
हे कळायला मला तीन दिवस लागले.
चौथ्या पहाटे ते खांबाशी रचून ठेवले
आणि वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी
स्टोअरकीपर, चष्मा, बीपीची गोळी, सगळं घेऊन
चौकटीत उतरलो.
पाच उड्यांत बाद.
पण त्या दिवशी गोदामाचं कुलूप
पहिल्यांदाच हातमोजे न घालता उघडलं.

सहाव्या दिवशी दाऊदचा गुडघा सुजला.
तो उलट्या बादलीवर बसला, पायावर ब्लँकेट,
बुटातली बोटं हलवत मोठ्यानं मोजू लागला.
अख्ख्या शेडला मराठी आकडे आले.
फक्त एकोणीस कुणाला जमेना,
अठरानंतर सगळे थेट विसावर उडी मारत,
आणि त्यावरून रोज भांडण.
बू फलाह आल्याचं दूध घेऊन यायचा,
पंच व्हायचा,
आणि उघड उघड बांगलादेशची बाजू घ्यायचा.

बस आली की आता कुणी धावत नसे.
तिचा हीटर मागच्याच वर्षी वारलेला,
आत बाहेरच्यापेक्षा जास्त हिवाळा.

आठवा दिवस सरला. नळ स्वतःहून बोलला.
बू फलाहनं बोटं मोजली, मान हलवली,
अजून एक उरलीय, फेब्रुवारी संपता संपता येते.
तिला म्हातारीची थंडी म्हणतात.

म्हातारी? दाऊदनं बादलीवरूनच विचारलं.
गुडघा चोळला. रेघेकडं पाहिलं,
वाऱ्यानं ती एका बाजूनं पुसत आणली होती.
येउंदे, म्हणाला.
पयला राज्य तिच्यावर.