अवशेष : आढळला नाही

हमरियाच्या फ्री झोनमध्ये, समुद्राकडे पाठ करून
आमची शेड उभी आहे.
हॉप्सच्या गोळ्या येतात चंदेरी पाकिटांत,
हवा काढून विटेसारख्या घट्ट,
कुठल्या थंड मुलखातून, देव जाणे.
हा वेल मी उभ्या जन्मात पाहिलेला नाही.
सात वर्षं फक्त त्याचा कडूपणा मोजते आहे.

पाकीट फोडलं की आधी वास सुटतो,
ओल्या गवताचा, संत्र्याच्या सालीचा, जरासा लसणाचा,
आणि मग जिभेच्या मुळाशी काहीतरी येऊन बसतं
ते दुपारच्या डब्यापर्यंत उठत नाही.
थंकच्चन म्हणायचा, मॅडम, हा तुमच्या कारल्याचा मेहुणा.

शारजात दारू नाही.
आमचा अर्क जातो बार्लीच्या बिनदारूच्या पेयात,
डाळिंबाच्या चवीच्या त्या हिरव्या बाटलीत,
जी इफ्तारला फट्कन उघडते.
तिथंही कडू लागतंच.
नुसत्या गोडाला तोंड लवकर विटतं.

सांगलीत बाबा मिरचीचा रंग काढायचे, हेक्झेनमध्ये.
हेक्झेन अधाशी.
रंग घेतं, तेल घेतं, मेणसुद्धा सोडत नाही,
आणि तापवून हाकललं तरी
उंबऱ्यात घुटमळतं, वसुलीला आल्यासारखं.
बाबांचे सदरे आई वेगळ्या बादलीत भिजवायची.

अल्कोहोल जरा सभ्य. पण इथे
त्याच्या एका बाटलीला तीन सह्या, दोन शिक्के,
आणि कपाटाची किल्ली रुबा हद्दादच्या गळ्यात.

म्हणून आम्ही वापरतो तो वायू
जो आपण सगळेच दर श्वासाला टाकून देतो.
तापवून दाबत नेला, शंभर, दोनशे, दोनशे चाळीस बार,
की तो धड वायू राहत नाही, धड द्रवही होत नाही.
अधांतरी.
तसाच भुकटीतून चालत जातो,
पिवळी राळ उचलतो, थोडं तेल,
बरंचसं हिरवं जागच्या जागी ठेवतो.
दाब सैल केला की निघून जातो.
निरोप नाही, डाग नाही.
खाली भांड्यात उरतं
उन्हात धरलेल्या काकवीसारखं काहीतरी,
चमच्याला चिकटून बसणारं.

दाबाचा कान थंकच्चनला होता.
गेज बघण्याआधी पाईपला तळवा लावून सांगायचा, दोनशे चाळीस.
चुकला तर पाच बारांनी.
बावीस वर्षं.
मार्चमध्ये त्याचा व्हिसा रद्द झाला,
वयाच्या नियमानं, अर्ध्या पानाच्या कागदावर.
गुरुवारी रात्रीचं विमान.
सकाळी लॉकर उघडला तर रिकामा,
वर पुसूनही ठेवलेला.

आज तपासनीस आले.
द्रावकाचा काही अवशेष?
मी नमुना टोचला. आलेख सरकत राहिला
ओहोटीच्या खाडीसारखा, सपाट.
लिहिलं, आढळला नाही. खाली सही केली.

मग मुख्य व्हॉल्व्ह बघायला उतरले.
पाईपच्या मागच्या अंगाला, पांढऱ्या रंगात,
मल्याळमची पाच गोल गोल अक्षरं आणि एक बाण.
मला वाचता येत नाहीत.
नवा मुलगा गुलझमान फडकं भिजवून उभा.
विचारतो, पुसू का?

म्हटलं, थांब.
बाण कुठल्या बाजूला आहे ते बघ आधी.
हं. त्याच बाजूला फिरव.
हळू.