हाकलेन

शिलाई मशीनच्या सुया, बॉबिनं, चामडी पट्टे
दोन पिशव्यांत भरून
महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी मी संकेश्वरात असायचो.
निपाणीहून येणारी लाल गाडी स्टँडात वळेपर्यंत
घड्याळात बारा वाजायचे,
पोटात त्याच्याही आधी.

पहिल्या खेपेला कल्लव्वाच्या खानावळीत शिरलो
ते पाटी वाचून नव्हे. पाटी कन्नडमध्ये होती.
वासावर गेलो.
दाण्याचं कूट भरलेली वांगी
तेलात अजून काहीतरी पुटपुटत होती,
आणि भिंतीशी रोट्ट्यांची चळत,
इतकी कडक, इतकी पातळ
की वरच्या रोट्टीला बोट लावलं
तर खालच्या सातांना कळावं.

ताट रिकामं व्हायच्या आत ती डोक्याशी उभी.
हातात पळी, कपाळाला विभूती.
"हाकलेन?"

घास गालातच राहिला.
काय चुकलं? चपला बाहेर काढल्या होत्या,
पिशव्या बाकाखाली सारल्या होत्या,
खिशात किती आहेत हे तिला दिसायचं कारण नव्हतं.
"हाकलेन?" परत. जरा चढ्या आवाजात.
मी उठायलाच लागलो.
शेजारचे तम्माण्णा मगदूम
मिशीतलं ताक न पुसताच हसले.
"बसा हो. हाकलत न्हाई ती.
वाढू काय म्हंत्या."

तोवर वाढून झालं होतं.

असे पुष्कळ मंगळवार गेले.
तिच्या भाषेतलं नको मला येत नव्हतं
आणि माझ्या भाषेतलं नको तिला ऐकू येत नव्हतं.
म्हणजे येत असणार. अर्धं गाव दोन्ही बोलतं.
पण तिला मराठी आठवायची ती गल्ल्याशीच:
"साठ झाले बघा."
हिरव्या मुगाची उसळ, मेथीची कच्ची पानं,
शेंगाचटणीत खळगा करून ओतलेलं दही,
हात आडवा धरला तर हातावर रोट्टी.
पुढची दोन दुकानं मी झोपेत करायचो.
एका शिंप्याला सोळा नंबरऐवजी
चौदाच्या सुया देऊन आलो.
घरी सांगितलं तर बायको म्हणाली,
"आणि मी आग्रह केला की तुमचं पित्त."

मगदूमांनीच शिकवलं. "ब्याड म्हणायचं."
ब्याद? बाईमाणसाला?
"ब्याद न्हवं हो. ड. जीभ टाळ्याला लावा."
येताना सगळ्या रस्त्यात खिडकीला तोंड लावून
सराव केला. ब्याड. ब्याड.
पुढच्या सीटवरच्या माणसानं
मांडीवरचं कोकरू दुसऱ्या बाजूला घेतलं.

आणि म्हणालो. दुसऱ्या रोट्टीनंतर,
अगदी टाळ्यावरून.
कल्लव्वा थबकली. पळी हवेत,
तेलाचा एक थेंब ताटाबाहेर.
मग हसली, पोरानं पाढा बरोबर म्हटल्यासारखी.
"आत् बिड्री," म्हणाली
आणि पलीकडच्या ताटाकडे गेली.
तिथं एक नवखा, गडहिंग्लजकडचा असावा,
घास गालात, उठू की बसू.
"हाकलेन?"

मी बोटानं दही निपटलं.
जरा वेळ बसून राहिलो.
ताट कुणी उचललं नाही, कुणी विचारलंही नाही.
गल्ल्याशी तिनं माझ्याकडे न बघता म्हटलं,
"अरवत्त."
साठच असणार. साठ दिले.

स्टँडवर गिरमिटाच्या गाड्याशी थांबलो.
दोन रोट्ट्यांनी काय होतंय.
चुरमुरे कालवता कालवता
त्यानं कांद्याची मूठ उचलली, माझ्याकडे पाहिलं.
मला आता दोन्ही शब्द येत होते.
मी नुसती मान हलवली,
हो की नाही ते माझं मलाही कळू नये अशी.

त्यानं घातला.