सात खिळे

गुडघा नवा बसवून एर्मेस घरी आला
तेव्हा द्राक्षं तोडून झाली होती,
आणि नीवेसने ऑगस्टपासून राखून ठेवलेला प्रश्न
सूप वाढता वाढता विचारला:
"किती पुरेत?"

शेडमध्ये सात खिळे, सात किल्ल्या.
शेड म्हणजे बापाचा डुकरखाना;
चार वेळा चुना मारला, तरी धुक्याच्या दिवशी
भिंतीतून वास उठतो.

तो स्टुलावर बसतो, पाय लांब करून, आणि मोजू लागतो.
लाल गुत्सी निवृत्तीच्या पैशांतली. ती जाणार नाही.
मोरिनी घाटासाठी. ब्रिझिगेल्लाच्या वरच्या वळणांवर
बाकीच्या गाड्या विचार करतात,
ही करत नाही.
बेनेल्ली भावाची.
भावाने भरलेलं अर्धा लिटर पेट्रोल
अजून टाकीत आहे, कुजलेलं. काढवत नाही.
दोन दुकाती: एक चालते, दुसरी तिला पुरवते,
क्लचची केबल, मागचं चाक,
एकदा रात्री दहा वाजता एक स्क्रू.
"म्हणजे ती मोजायची नाही," तो स्वतःलाच सांगतो,
"ते कोठार आहे."
सहावी साउरोने आणून उभी केली
उसने पैसे फेडायच्या ऐवजी, पावतीसारखी.
सातवी का घेतली ते आठवत नाही,
आणि तिच्या बाजूने बोलायला एवढंच पुरेसं आहे,
की तिच्यासाठी कधी कारण शोधावं लागलं नाही.

"एक ना धड, भाराभर चिंध्या,"
स्वयंपाकघरातून लाटण्याचा आवाज म्हणतो.

फाएन्झाच्या डॉक्टरने बजावलंय: किक मारायची नाही.
डॉक्टरला पाय कळतात,
नोव्हेंबरातली मोरिनी कळत नाही.

शेवटी ठरतं: रविवारी ज्या सुरू होतील त्या राहतील.
किक मारायला शेजारची हनान,
पंधरा वर्षांची, बापाचे गमबूट घालून आलेली.
काकीच्या झाडावर पान नाही, नुसती नारिंगी फळं,
आणि त्याखाली ओळीने उभ्या सात
मुलगी दाखवायला काढावी तशा पुसलेल्या.

गुत्सी बटणावर जागी होते.
मोरिनी तिसऱ्या लाथेला.
दुकाती शिव्या घेऊन.
साउरोची गाडी, निर्लज्ज, पहिल्याच फटक्यात.
सातवी मागे भडका सोडते, कोंबड्या पांगतात.
बेनेल्लीपाशी हनान थांबते,
त्याच्याकडे बघते,
आणि पाय पेडलवरून काढून घेते.
तो उभ्या उभ्या हिशेब मांडतो,
पुरायच्या किती, पुरवायच्या किती,
आणि बोटं मध्येच अडकतात.

"आणि ती?" हनान विचारते.
सरपणाच्या मागे, ताडपत्रीखाली,
निळं काहीतरी.
"ती गाडी नाही गं. मोटोम. भंगार.
पायठेव तर मीच काढून वापरलेत."

दारात नीवेस. कोपरापर्यंत पीठ.
"माझी."
कोंबड्यासुद्धा गप्प.
"चार वर्षं गेले तिच्यावर बश्यांच्या कारखान्यात.
अकरा किलोमीटर जाताना, अकरा येताना.
तू तेव्हा बसने यायचास, एर्मेस.
नाचाच्या रात्री शेवटची बस चुकली
आणि माझ्या मागे बसून गेलास घरी,
एवढे लांब पाय, गुडघे दुमडून,
बेडकासारखा."

तो नव्या गुडघ्याकडे बघतो,
जणू त्यालाही तिथे असायला हवं होतं.

मग आत जातो, हातोडी शोधतो,
आठवा खिळा ठोकतो थोडा वाकडा,
आणि ठोकून झाल्यावर त्याच्या लक्षात येतं
की मोटोमला किल्ली नसतेच.

"आधी पायठेव लाव तिचे," ती म्हणते, "मग मोज,"
आणि आत वळते, कारण पाणी उकळतंय.

"गुत्सी बंद करू?" हनान ओरडते.
ती मघापासून चालूच आहे,
काकीच्या झाडाखाली, एका जागी थरथरत,
पेट्रोल जाळत.