चिमूटभर

अकरा वर्षं माझा उजवा हात
मिठाच्या बादलीकडेच जायचा.
रत्नागिरीत, प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत,
दार उघडलं की आधी घनतामापक:
एक पूर्णांक शून्य दोन पाच.
काटा तिथे असला तर चहा.
हललेला असला तर
चहा नाही, काही नाही, आधी पाणी.

इथे लातुरात, औसा रोडच्या दुसऱ्या मजल्यावर
सवयीने तेच यंत्र बुडवलं
तर काटा तळाला जाऊन बसला,
हजेरीत नाव न आलेल्या पोरासारखा.

मुस्तकीमभाईंना विचारलं, स्किमर मिळेल?
ते म्हणाले, "मॅडम, इथं माणसाला पाणी दहा दिवसाला येतं.
गप्पी न्या. बोअरच्या पाण्यात जगतात बगा.
निऑन नका नेऊ, उगं जीव जातो त्यांचा."
आणि पिशवीत आठ मोजून रबर लावलं.

मला वाटलं, गोडं पाणी म्हणजे
समुद्र वजा मीठ.
वजाबाकी काय, कुणालाही येते.

पहिल्या आठवड्यात तीन गेले.
मी घाई केली होती. समुद्र सांभाळलेल्या बाईने
महिनाभर रिकाम्या काचेपुढे काय बसायचं?
पण न दिसणारे जीव हुद्दा विचारत नाहीत.
तिघांना कढीपत्त्याच्या कुंडीत पुरलं,
आणि फिल्टरचा स्पंज मी थेट नळाखाली धुतला होता
हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

मग हळूहळू.
नळाचं पाणी ड्रममध्ये, झाकण उघडं, एक रात्र.
अर्धं बोअरचं.
पातळी उतरली की काचेवर पांढरी रेघ राहते.
चाखून पाहिली: खारट नाही, खडूसारखी.
पाणी उडून जातं, जमीन मागे राहते.
वरून नुसती भर घालून भागत नाही,
थोडं काढावंच लागतं.

काढायचं, पण टाकायचं कुठे?
तिकडे सरळ मोरीत. खारं पाणी कशालाच चालत नाही;
एकदा जास्वंदीला घातलं गेलं
तर आठवड्यात तिची काडी झाली.
इथे बादली घेऊन मोरीकडे वळले,
तेवढ्यात खालच्या गयाबाई जिन्यातूनच ओरडल्या,
"अगं बाई, काय करूलालीस? आण इकडं!"
ते पिवळट, माशांच्या घाणीचं पाणी
त्यांनी वांग्याच्या तीन रोपांना घातलं, एका लिंबाला,
तळाचा गाळ बोटाने निपटून कोरफडीला.
आता रविवारी त्यांची बादली आधीच दाराशी असते.
कधी तिच्यात दोन वांगी.

मला विचारतात, "समुद्राचं सगळंच पाणी खारट?"
सगळंच.
"मग एवढं कशाला करून ठेवलंय?"

पुस्तकातलं एक वाक्य मला पाठ होतं,
ते इथे अंगात उतरलं:
समुद्रातला मासा सारखा पाणी पितो,
चहूकडे पाणी, तरी तो आतून सुकत असतो.
गोड्या पाण्यातला पीत नाही.
पाणी आपणहून त्याच्यात शिरतं,
तो दिवसभर ते बाहेर टाकतो
आणि मिठाचा कण न् कण धरून ठेवतो.
नवव्या दिवशी, ड्रमचा तळ दिसत असताना
मी या पाचांकडे बघत बसते.
पाच कुठले, आता एकवीस.
तहान नसलेली मंडळी,
माझ्या वाटणीच्या पाण्यात.

काल एकीच्या शेपटीवर पांढरे ठिपके दिसले.
फोन केला. मुस्तकीमभाई म्हणाले,
"घाबरू नका. खडेमीठ टाका, चिमूटभर."

डबा उघडला.
हात आत गेला, मूठ भरूनच वर आला.
सांडलं, पुन्हा घेतलं, पुन्हा जास्त.
चिमूट म्हणजे किती,
ते काही माझ्या हाताला येईना.